राणीच्या थडग्यावरची नऊ मुलं

नॉटिंगहॅममध्ये पांढऱ्या मऊ दगडाचे पुतळे करणारे पुष्कळ होते, पण हॅमोइतका हट्टी कुणीच नव्हता. तो कोरायचा, मी रंग द्यायचो. वीस वर्षांत त्याने माझं एकदाच ऐकलं, तेही मी काय म्हणालो ते त्याला नीट ऐकू आलं नव्हतं म्हणून.

राणी वारली आणि थडग्याचं काम आमच्याकडे आलं. वर राणी निजलेली, खाली चौथऱ्याला कोनाडे. दोन्ही बाजूंना चार-चार आणि उशाशी एक मोठा. त्यांत तिची मुलं रडत उभी करायची होती. राजवाड्याचा कारकून यादी घेऊन आला. हयात मुलं आठ, आणि तळाशी बारीक अक्षरात एक मुलगी, नऊ दिवस जगलेली.

"कोनाडे नऊ, मुलं नऊ. जमलं की!" मी म्हणालो.

कसलं जमतंय! तिसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाचा, म्हणजे ड्यूकचा, माणूस हजर.

"उशाचा कोनाडा आमच्या धन्यांचा. आणि ते बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच हवेत."

"वीतभर वाढवले तर डोकं आईच्या पाठीत घुसेल," हॅमो म्हणाला.

"मग बाकीच्यांना छाटा!"

दुसऱ्या दिवशी थोरल्या लेकीचा पाद्री आला. "आमच्या बाईसाहेब ड्यूकपेक्षा वर्षानं मोठ्या आहेत. उशाशी त्याच."

मग धाकट्यांची माणसं. एकाला घोडा हवा होता. एकीला शेजारी नवरा कोरलेला नको होता.

हॅमोची बायको गोडिथ म्हणाली, "अहो, माझ्या माहेरी एका कढईवरून तीन भावांचं बोलणं बंद झालं. ही तर राजाची पोरं! कुणाच्याही मधे पडू नका."

हॅमोने छिन्नी उचलली. त्याने यातल्या कुणालाही पाहिलेलं नव्हतं, म्हणून गल्लीतलेच चेहरे घेतले. ड्यूकसाठी आमचा जाडा पाववाला. थोरलीसाठी चिडलेली गोडिथ. हे तिला अर्थात सांगितलं नाही.

थडग्यावरचं कापड काढलं त्या दिवशी सगळी भावंडं चर्चमध्ये जमली होती. उशाच्या कोनाड्यात दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ, तोंड वासून टाहो फोडणारं. नवांत खरं रडत होतं ते तेवढंच. पाद्री पांढरा पडला, ड्यूकचा माणूस लाल झाला. पण नऊ दिवसांच्या पोरीला सरकवा म्हणणार कोण?

मठात गेलेली धाकटी लेक गुडघे टेकून बसली. "आईनं हिला आम्हाला धड बघूही दिलं नव्हतं," ती म्हणाली आणि रडू लागली.

ड्यूक मात्र स्वतःच्या पुतळ्यासमोर वाकला होता. "मी एवढा जाड आहे?"

"दगड ओला असला की जरा फुगतो, महाराज," हॅमो म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"काही फुगलेला नाही. हुबेहूब तूच आहेस," थोरली म्हणाली.

"आणि ही बघ तू! आता कुणाला तरी फाडून खाणार!"

आधी ती चिडली, मग खुदकन हसली. कारकून माझ्या कानात कुजबुजला, "चार वर्षांनी बोलताहेत हो."

पुढच्या उन्हाळ्यात ड्यूकने जिवंतपणीच स्वतःचं थडगं आमच्याकडे सांगितलं. अट एकच, वरचा पुतळा सडपातळ हवा. हॅमोने मान डोलावली आणि पोट होतं तेवढंच कोरलं. त्यावरचा झगा मी गडद निळा रंगवतोय. म्हणतात, त्या रंगात माणूस बारीक दिसतो.