डॉक्टरचाच दुभाष्या

“ए, खाली बैस. खुर्ची साहेबांची आहे.”

चपराशी माझ्या आईला म्हणाला. म्हातारी खुर्चीवर बसलीच नव्हती, नुसता हात टेकला होता. चांद्याच्या डाकबंगल्यात त्या दिवशी आमची तक्रार ऐकणार होते. तक्रार दवाखान्याच्या डॉक्टरवर, आणि ऐकायला डॉक्टरांच्याच मंडळाचे तीन साहेब, नागपूरहून आलेले. डॉक्टर त्यांना चिकटून बसलेला. चहा पीत.

माझी मोठी बहीण बाळंतपणात अडली होती. खाटेला बांबू बांधून आम्ही तिला रानातून दवाखान्यापर्यंत वाहून आणलं. डॉक्टर ओसरीवरून उतरला नाही. “आधी धुऊन आणा हिला. वास येतो,” म्हणाला. आम्ही पाणी शोधत फिरलो. ती अंगणातच गेली. पोटातलं बाळही गेलं. ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं भणभणतं.

डॉक्टरवरही तक्रार करता येते, हे गावच्या मास्तरांनी सांगितलं. म्हणून आलो.

आईला आम्ही याया म्हणायचो. तिला गोंडीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. साहेबांनी दुभाष्या दिला. कोण? तर ह्याच डॉक्टरचा कंपाउंडर!

“सांग बाई, काय झालं?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

याया डॉक्टरकडे बघत राहिली. आमच्या गावात पंच बसले की तक्रार करणारा आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो, दोघं एकाच जमिनीवर समोरासमोर बसतात. त्याआधी कुणी तोंड उघडत नाही. डॉक्टर खुर्चीवरून उतरून समोर बसेल, याची याया वाट पाहत होती. शेवटी गोंडीत म्हणाली, त्याला माझ्यासमोर बसू दे, मग सांगते.

कंपाउंडर म्हणाला, “साहेब, हिले काही सांगाचं नाई. पोरगी देवाच्या कोपानं मेली म्हणते.”

कारकून लिहू लागला. मी चौथी शिकलेली, सगळं समजत होतं. मी उठले.

“खोटं हाय! डॉक्टरले समोर बसवा, मंग सांगते, असं म्हणून राह्यली थे. देवाचं नावबी नाई घेतलं तिनं.”

“तुला कुणी विचारलं?” मोठे साहेब म्हणाले.

“शिकवून आणलीय,” डॉक्टर हसला.

“मंग मलेच इचारा ना साहेब. मले मराठी येते. ह्याचं पोट डॉक्टरच्या हातात. थो आमचं काऊन सांगन?”

“दुभाष्या आम्ही नेमलाय. नाटकं बंद कर.”

कारकुनाने शाईची डबी यायापुढे सरकवली. तिने अंगठा पुढे केला. सरकारी माणसाने डबी सरकवली की आमचा अंगठा आपोआप पुढे जायचा. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

“अंगठा भेटणार नाई. तिनं जे सांगतलंच नाई, त्यावर नाई.”

आम्हाला बाहेर काढलं. निकाल मास्तरांकडून कळला. तक्रारदारांनी सहकार्य केलं नाही, डॉक्टर निर्दोष. याया पुढे वारली. तिची साक्ष कुणीच ऐकली नाही.

आता आमच्याकडचं कुणी तक्रार घेऊन निघालं की मी सोबत जाते. आत शिरताच विचारते, दुभाष्या कोणाचा? त्यांचा असेल तर आमचं माणूस तोंड उघडत नाही, अंगठा देत नाही. आणि दुभाष्या बदलेपर्यंत उठून घरीही जात नाही.