ते पाणी मी भरलं

तुमच्या वडिलांच्या नाकात जाणारा ऑक्सिजन ज्या पाण्यातून बुडबुडत येतो, ते पाणी कोणी भरलं, असं तुम्ही कधी विचारलंय?

काकूंनी विचारलं. भाजी घेऊन नुकत्याच येऊन दारात उभ्या होत्या.

"बाटली कोणी भरली?"

"मी."

"कुठल्या पाण्याने?"

ओट्यावरच्या पातेल्यातल्या, उकळून गार केलेल्या पाण्याने, असं मी सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पातेलं उचललं आणि सगळं पाणी सिंकमध्ये ओतलं. माझ्याकडे न बघता.

बाणेरच्या त्या फ्लॅटमध्ये मी दिवसपाळीची नर्स होते. मुलगा आयटीतला, अमेरिकेत. काकांची फुप्फुसं निकामी होत आलेली, दिवसभर ऑक्सिजनचं मशीन. कोरडा ऑक्सिजन नाक सुकवतो, म्हणून तो पाण्याच्या बाटलीतून सोडायचा. पहिला महिनाभर ती बाटली मीच धुवायचे, मीच भरायचे. काकू म्हणायच्या, हातगुण चांगला आहे हो हिचा. मग एका सकाळी चहा गाळता गाळता त्यांनी आडनाव विचारलं. मला कामावर पाठवणाऱ्या नर्सिंग ब्यूरोच्या मॅडमनी शिकवलं होतं: नुसतं नाव सांगायचं, विषय बदलायचा. पण मी येरवड्यात चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढलेली. वडील ती छापून आणायचे, मी घड्या घालायचे. पाण्यासाठी आपली माणसं कशी उभी राहिली, हे मला शाळेतल्या धड्यांच्या आधी पाठ होतं. मी आडनाव सांगितलं.

त्यांनी मला काढलं नाही. दुसरी नर्स लगेच मिळत नव्हती. फक्त फरशीचा रंग बदलतो तिथून पुढे, स्वयंपाकघरात, मी जायचं नाही असं ठरलं. बाटली काकू भरणार. काकांचं अंग पुसायचं, थुंकीचं भांडं धुवायचं, लघवीचं पॉट उचलायचं, ते माझ्याकडेच राहिलं. त्याला कोणाची हरकत नव्हती. मीही मान खाली घालून करत राहिले. थकलेला माणूस पुष्कळ गिळतो.

त्या दिवशी काकू बाहेर गेलेल्या, बाटली कोरडी. काकांच्या नाकातून रक्त यायला लागलं. काकू फोन उचलेनात. मी स्वयंपाकघरात गेले.

काकूंनी पातेलं ओतलं, ते काका पलंगावरून सगळं ऐकत होते. त्यांनी सावकाश नाकातली नळी काढली आणि गादीवर टाकली. छाती भात्यासारखी हलत होती, ओठ निळे पडत होते. मी नळी पुढे केली. त्यांनी तोंड फिरवलं. "तिला... भरू दे," बायकोकडे बोट करून एवढंच म्हणाले. नवं पाणी उकळून गार होईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मी बाटली काढून टाकली, नळी थेट मशीनला जोडली.

"काका, यात पाणी नाही. घ्या."

मग घेतली.

रोज याच माणसाच्या पाठीशी उशा लावून, ओठ आवळून श्वास कसा सोडायचा ते मी शिकवत होते. त्याला मरण चाललं असतं. माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं.

संध्याकाळी मुलगा व्हिडिओ कॉलवर आला. फार सभ्य बोलला. "ताई, आय अंडरस्टँड, पण आईचं वय बघा ना. एकदा सॉरी म्हणून टाका, विषय संपवू."

मागून काकू म्हणाल्या, "शिकलेली आहे ना? मग न सांगता कळायला हवं होतं."

सॉरी ओठांवर आलंच होतं. सवयीने. आणि मला माझीच किळस आली.

"पाणी मी भरलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा भरीन. सॉरी म्हणणार नाही. बदली नर्स आली की मी जाणार."

बदली यायला तीन दिवस लागले. तीन दिवस मी कामावर गेले. उशा लावल्या, सुकलेल्या नाकाला जेल लावली, पॉट उचललं.

ब्यूरोच्या मॅडम म्हणाल्या, तोंड बंद ठेवलं असतंस तर काम टिकलं असतं. खरं आहे. आता मी दारात उभी राहूनच पूर्ण नाव सांगते आणि विचारते, पाणी माझ्या हाताने घेणार, चालेल का? काही दारं तिथेच बंद होतात. घर चालवणं जड जातं. तरी विचारते. जिथे मला पाण्यापाशी जाता येत नाही, तिथे मी कोणाच्या श्वासापाशी बसणार नाही.

तुम्हाला एकच सांगणं आहे. नर्ससाठी फोन लावाल तेव्हा "आपल्यातली पाठवा" म्हणू नका. आणि तुमच्या घरात दुसरं कोणी ते म्हणताना ऐकलंत, तर त्याच्या हातातून फोन काढून घ्या.