प्रभूला बोललेला नवस

बाळ पोटात असताना मी प्रभूला नवस बोलले. ते जिवंत हातात येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असा. आमच्याकडे देवीला बोलतात तसाच. मालेगावला ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेला जाऊ लागून मला काही वर्षं झाली होती, पण देवाजवळ मागायची रीत मी आईकडून शिकले होते, दुसरी मला येत नव्हती. प्रार्थनेतल्या कुणाला हे सांगितलं नाही. तिथे मी भिंतीला टेकून मागे बसते. मोठ्याने प्रार्थना कधी केली नव्हती.

आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. नवऱ्याने त्याला टॉवेलात गुंडाळलं, मला दाखवलं आणि नेलं. मी त्याचं तोंड नीट बघितलं नाही. आता ते आठवत नाही म्हणून रडते.

नवस फळला नाही की तो सुटतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी चप्पल घातली नाही. घातली असती तर माझं आणि प्रभूचं संपलं, असं झालं असतं. प्रार्थना तर बंदच पडली होती. गुडघे टेकले की आतून आवाज यायचा, तुझं ऐकणारं कुणी नाही, वावरातली विहीर जवळ आहे. तो आवाज माझाच की आणखी कुणाचा, कळत नव्हतं. विहिरीवरून जाणारी पायवाट मी सोडली. बांधाबांधाने लांबून जायची. नवरा म्हणायचा, एवढा वेळ कुठे लागतो?

सोयाबीनची सोंगणी आली. कापलेल्या झाडाचं धसकट जमिनीत उभं राहतं आणि खिळ्यासारखं लागतं. मी त्यातून अनवाणी चालायची. सासू सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "काय वं, चप्पल काहून घालत नाही? लोक म्हनतीन, सुनेले चप्पलबी घेऊन देत नाही."

"चावते," मी म्हणाले.

"चप्पल चावते, अन् धसकट का गुदगुल्या करते?"

बायका हसल्या. मीही हसले.

दोन-चार दिवसांत एक धसकट टाचेत मोडलं आणि पाय सुजला. तरी रविवारी मी लंगडत मालेगावला गेले. भक्ती म्हणून नव्हे, घरी एकटी राहायची भीती वाटत होती म्हणून. जिच्या खोलीत आमची प्रार्थना भरते ती म्हातारी स्टँडवर पेरू विकते. तिने पाय बघितला आणि मला मोरीजवळ बसवलं. मिठाच्या गरम पाण्यात टाच भिजवून ती सुईने कोरू लागली.

"पायाची काय गत केली माय! चप्पल कुठी हाय?"

कळ मस्तकात जात होती. त्या कळेतच नवसाचं माझ्या तोंडून निघून गेलं.

"प्रभूले नवस?" ती आधी हसली. माझं तोंड बघून थांबली. "अवं, थो का आपल्या पायाचं रगत मांगते?"

"मंग माह्यं लेकरू काहून नेलं?" मी ओरडलेच. खोलीतल्या बाया वळून बघू लागल्या.

"मले नाही मालूम," ती म्हणाली. सुई थांबली नाही. "पन प्रभूनंबी देवबापाले मांगतलं होतं, क्रुसावर चढवाले थ्याले धरून नेलं त्या राती. हे दुख टळू दे म्हनून. मांगता मांगता घामाघूम झाला. टळलं का?"

"नाही."

"मंग पळून गेला का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तुले पळावंसं वाटते काय वं?"

तेव्हा मी तिला विहिरीचं सांगितलं. तिने सुई खाली ठेवली आणि माझी टाच दोन्ही हातांत धरून बसली. मग म्हणाली, "रोज सकाळी मले फोन करशीन. बोलनं नाही झालं तं नको बोलू. पन करशीन."

त्या दिवशी प्रार्थनेत मी बसल्या जागेवरूनच बोलले. "प्रभू, मले तुह्या राग आला. मले काही देऊ नको. पन एकटी सोडू नको. मले भेव वाटते." कुणी आमेन म्हणालं नाही. बहुतेक त्यांना कळलंच नाही की माझी प्रार्थना संपली. मग एका बाईने गाणं धरलं.

येताना म्हातारीने तिची जुनी चप्पल माझ्या पायात घातली. मी ती काढली नाही.

हे लिहितानाही मला बरं वाटत नाही. विहिरीकडे बोलावणारा तो आवाज गेलेला नाही. काल तुरीतलं गवत निंदताना आला, तेव्हा आसपास कुणी नव्हतं. मी तुरीच्या दोन ओळींमधल्या तासातच खाली बसले, दोन्ही मुठींत माती धरली आणि प्रभूला विचारलं, आहेस का? काही ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. मग तशीच बसून राहिले. नंतर उठले आणि उरलेलं तास निंदायला घेतलं.