गोटमारीच्या दिवशी जपानी मिरी

अत्तराच्या धंद्यात शिरले तेव्हा वास म्हणजे नाजूक प्रकरण, असं मला वाटायचं. जपानी मिरीने तो समज मोडला. नाव मिरी असलं तरी काळ्या मिरीशी तिचं नातं नाही. ती संत्र्याच्या कुळातली, कोकणातल्या तिरफळाची बहीण. कुपी उघडली की आधी कुणी डोळ्यांसमोर संत्र्याची साल पिळावी तसा झणका येतो, मग हिरवा पाला, मग नाकात मुंग्या. मिश्रणात जरा जास्त पडली की बाकीच्या वासांना ढकलून बाहेर काढते. नागपूरच्या एका दुकानदाराला पुरुषांसाठी संत्रं आणि वाळ्याचं अत्तर हवं होतं, पण मधे काहीतरी झोंबणारं हवं म्हणाला. म्हणून तिचं तेल मागवलं.

पोळ्याच्या संध्याकाळी धाकट्या दिराने कुपीच्या बुचाला जीभ लावली.

"वहिनी वो, जीभ गेली ना बाप्पा! काहीच समजून नाही राहिलं!"

खरंच आहे, ही मिरी जीभ बधिर करते. सासूबाई म्हणाल्या, "लाव अजून. घर तरी शांत राहीन."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि मधे दगड; झेंडा काढेल ते गाव जिंकलं. माझं माहेर सावरगावचं. म्हणजे त्या दिवशी माझा भाऊ माझ्या दिरावर दगड मारतो आणि पुढच्या सणाला दोघं शेजारी बसून जेवतात. मी खिडक्या लावून काम करते.

दुपारी दीर आत आला तेव्हा भुवई फाटून लोंबत होती आणि अर्धा चेहरा रक्ताने भरला होता.

"दवाखान्यात चल. टाके पडतील."

"टाके घातले तर घरी बसवतीन. झेंडा अजून झाडावरच आहे. थोडं बधिर झालं की झालं."

इथे जखमेला देवीची राख लावून लोक परत नदीवर जातात. त्याला राखेपेक्षा भारी काही सुचलं होतं. मी फडकं घ्यायला वळले आणि त्याने अख्खी कुपी भुवईवर उलटी केली.

असा ओरडला की सासूबाईंच्या हातातलं पातेलं पडलं. ते तेल पातळ न करता कातडीवर घातलं तर भाजतं. इथे ते उघड्या जखमेत गेलं आणि रक्ताबरोबर डोळ्यात उतरलं. तो डोळा चोळायला लागला. हात धरला तर त्याने मला टेबलावर फेकलं. बाटल्या फुटल्या. मी उठले तर तोंडावर बुक्की. ओठ फाटला.

"डोळा गेला! वहिनी, डोळा गेला माह्या!"

"चोळशील तर जाईल!"

मी त्याला पायात पाय घालून खाली पाडला आणि छातीवर बसले. सासूबाईंनी पाय दाबून धरले. तो लाथा झाडत होता, त्या शिव्या देत होत्या. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. खोबरेल तेलात भिजवलेल्या कापसाने पापणी बाहेरच्या बाजूला पुसली, मग डोळा बोटांनी ताणून उघडा धरला आणि पाणी ओतत राहिले. माझ्या ओठाचं रक्त त्याच्या गालावर पडत होतं. त्याने माझ्या मनगटाला चावा घेतला. मी डोळा सोडला नाही.

शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर त्याला मधे बसवून मी मागे बसले. त्याच्या मानेचा वास नाकाशी येत होता: मिरी, संत्रं, आणि रक्ताचा लोखंडी वास. सकाळी दुकानदारासाठी जमवलेल्या अत्तरात मिरी जास्त झाली होती, हे मला तिथे कळलं. नाकाला वेळकाळ कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, बुबुळाचा वरचा थर भाजलाय. नजर राहील की नाही, ते पट्टी उघडल्यावर सांगू.

माझा भाऊ भेटायला आला आणि खाटेपासून लांब उभा राहिला. "दगड माह्या नव्हता."

"तुह्यानं एवढा नेम लागते काय!" दीर म्हणाला. पण एका हाताने तो सारखी पट्टी चाचपत होता. तो ट्रॅक्टर चालवतो. एका डोळ्यावर त्याला कुणी काम दिलं नसतं.

पट्टी सुटली तेव्हा सासूबाई, भाऊ आणि मी, तिघं तिथेच होतो. डॉक्टरांनी चांगला डोळा झाकला आणि दोन बोटं वर केली. दिराने मान पुढे काढली. सासूबाईंनी माझा दंड आवळला.

"दोन," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "वहिनी, तोंड काऊन सुजलं?"

"तूच सुजवलंस."

तो हळूच म्हणाला, "पुढल्या वर्षी हेल्मेट घालून जातो."

मी खाडकन ठेवून दिली.

"अहो, माझ्यासमोर नको," डॉक्टर म्हणाले.

"मंग तुमी जरा बाहेर जा, साहेब," सासूबाई म्हणाल्या आणि पदर खोचला.