गंगूच्या बंडीवरचे ओट्स

मलकपेठेत आमच्या वरच्या मजल्यावर कुसुमताई राहतात. माहेर उदगीरजवळचं, लग्न होऊन हैदराबादला आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. शिवराज, एकुलता मुलगा, पुण्यात असतो. घरात ज्वारी आणि कारळ अजून गावाकडूनच येतं. थंडीत सकाळी कण्या शिजवायच्या, त्यात ताक घालायचं, हा त्यांचा नेम.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या यजमानांच्या, नामदेवरावांच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टरांनी बाहेरचं तेलकट बंद केलं आणि नाश्त्याला ओट्स सांगितले. कुसुमताईंनी ते कण्यांसारखेच रात्री भिजवले आणि सकाळी तासभर मंद आचेवर शिजवले.

"मला काय पोस्टरं चिकटवायचीत?" नामदेवराव वाटी सरकवत म्हणाले.

मी पाकीट वाचून दाखवलं. तीन मिनिटं पुरे, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

"तीन मिनिटांत चहा होत नाही, श्रीकांतभाऊ. धान्य काय शिजतंय?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ समोर ठेवून शिजवले. ओट्स मोकळे झाले. नामदेवराव मात्र ते पाहायलाही थांबले नाहीत. "फिरून आल्यावर खातो," म्हणायचे, आणि आल्यावर भूक नाही म्हणून वाटी तशीच ठेवायचे.

याचं कारण मला ठाऊक होतं. आम्ही दोघं रोज सहा दहाला फिरायला निघतो. परतताना कोपऱ्यावर गंगूची बंडी, म्हणजे खाण्याची हातगाडी, लागते. तिथे ते लोण्याचा डोसा खायचे आणि मी दोन इडल्या. "घरी बोलू नका," असं त्यांनी मला बजावलं होतं.

डिसेंबरात एका संध्याकाळी कुसुमताई आमच्या दारात आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊ, हे कुठं खायलेत, तेवढं सांगा. रात्री यांचा श्वास चालू आहे का, हे बघत मी जागी राहायले."

मी सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी चांगलंच धुकं होतं. बंडीशी पोचलो तर गंगू नामदेवरावांना म्हणाली, "डोसा खतम, साब. ये खाओ, गरम है."

"सुबू सुबू खतम?"

"हौ साब."

तव्यावर तर डोशाचं लोणी तडतडत होतं. तिने आमच्या हातात एकेक प्लेट दिली. भाजलेले ओट्स, लसूण-मिरचीची फोडणी, वरून ताक आणि काळसर चटणी. वाफ चष्म्यावर आली. नामदेवरावांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. प्लेट अर्धी झाल्यावर त्यांचा चमचा थांबला.

"श्रीकांतराव, ही कारळाची चटणी आहे."

"असेल."

"इथं कोण करतंय कारळाची? ही आमच्या घरची आहे." त्यांनी गंगूकडे पाहिलं. "वो किधर है?"

गंगूने पळीनेच बंडीमागे दाखवलं. कुसुमताई डोक्यावरून शाल घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला स्टीलचा डबा होता.

नामदेवराव प्लेट हातात घेऊनच तिकडे गेले. "एवढ्या थंडीत इथं येऊन बसलीस? घरी का नाही दिलंस असं?"

"रोज हेच देते. तुम्ही चाखायला थांबलात कधी?"

"चोरून खाणारा मी, आणि पकडायला सगळी मलकपेठ लावलीस."

"सगळी नाही. गंगू आणि हे भाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्लेटीत पाहिलं. मग ते तिथेच उभ्याने उरलेलं खाऊ लागले. डब्यात अजून आहे का, असंही विचारलं. होतं. घरी जाताना रिकामा डबा त्यांच्या हातात होता आणि दोघं पुढे चालत होती. गंगूने मला न मागता दोन इडल्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला मी फाटकाशी उभा होतो. वरून लसणाच्या फोडणीचा वास आला, आणि नामदेवराव गॅलरीतून म्हणाले, "वर या, श्रीकांतराव. खाऊन निघू."