चारवर अडलेला काटा

"म्हनतो की साहेब, पन ते खोटं हाय."

"खरं-खोटं मागून बघू, मामा. आधी वाक्य म्हणा. आय चेक द प्रेशर एव्हरी आवर."

"आय ॲम चेकिंग द..."

"चेकिंग नाही हो! चेक! रोज करता ना? मग चेक!" राकेशने कपाळ बडवून घेतलं.

सातपूरच्या एका कारखान्यातलं पंपहाऊस. साल अठ्ठ्याण्णव. आयएसओचं सर्टिफिकेट मिळायचं होतं, म्हणून आठ दिवस सगळ्या कारखान्याला लग्नघरासारखी रंगरंगोटी चालली होती, आणि माणशी एकेक इंग्रजी वाक्य वाटून दिलं होतं. पंपवाल्या गोटीरामच्या वाट्याला हे आलं. गडी सायखेड्याचा, सातवी पास, एकोणीस वर्षं पंपाशी संसार केलेला. वाक्य जिभेवर बसत नव्हतं ही एक गोष्ट, आणि घशाखाली उतरत नव्हतं ही दुसरी.

कारण तो काटा. प्रेशर गेजचा काटा शिमग्यापासून चारवर अडला होता. तेव्हा टाकी रिकामी झाली, पंप कोरडा फिरून जळाला, तरी काटा आपला चारवर. मेमो मात्र गोटीरामला मिळाला, "कामावर लक्ष नव्हतं" म्हणून. आणखी एक मेमो, की घरची वाट. नव्या गेजसाठी त्याने तीन अर्ज दिले. राकेश सुपरवायझर म्हणायचा, "ऑडिट होऊ द्या, मग बघू." तोवर गोटीराम पंपाला हात लावून, स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवून मूठ कानाशी धरून अंदाज घ्यायचा आणि कागदावर दर तासाला चार लिहायचा. लिहिताना रोज स्वतःलाच एक शिवी.

घरी शुभांगीला विचारलं. पोरगी नववीत.

"आण्णा, नेहमीचं आसल तर चेक. आत्ता चाललेलं आसल तर ॲम चेकिंग."

"आन् दोन्ही व्हत नसल तर?"

"तर मधी नॉट घालायचं. लय सोपं हाय. तुमीच घोळ घालता."

ऑडिटच्या दिवशी फरशीचा हिरवा रंग ओला होता. पाण्याचा शिंतोडा नको, म्हणून राकेशनेच सकाळपासून पंप बंद ठेवायला लावला. अकराला ऑडिटरबाई आल्या. मागे राकेश, ओठांनी गोटीरामचं वाक्य पुटपुटत.

"व्हॉट डू यू डू हिअर?"

गोटीरामने टोपी काढली. एकवार मेमो आठवला.

"आय चेक पंप एव्हरी आवर, बाय हँड." राकेशचे ओठ थांबले. "गेज शोज फोर, एव्हरी डे." मग त्याने थंडगार पंपावर तळहात ठेवला. "नाऊ पंप इज नॉट रनिंग. गेज इज शोइंग फोर."

बाईंनी गेजवर नखाने टिकटिक केलं. काटा ढिम्म. त्यांनी राकेशकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी खरडलं. "चार वाजेपर्यंत बदला. नाहीतर रिपोर्टात जाईल," जाता जाता शुद्ध मराठीत सांगून गेल्या.

"मामा, घात केलात," राकेश दात-ओठ खात म्हणाला. "एक वाक्य! एक वाक्य म्हणायचं होतं!"

"एकाच्या जागी चार म्हनलो की साहेब. आन् एकात तरी तुमी चूक काढा."

राकेशला चूक काढता येईना, म्हणून तो आणखीच तापला. पण स्टोअरमध्ये स्वतः गेला. पाच महिने जे मिळत नव्हतं, ते गेज वीस मिनिटांत मिळालं.

"वरच्या फळीवरच व्हतं जनू," गोटीराम म्हणाला.

गोटीरामने जुनं गेज उतरवलं, आट्यांना टेप गुंडाळली, नवं आवळलं. बटण दाबलं. पंप घरघरला, काटा थरथरत वर चढला आणि साडेतीनवर ठरला.

"साडेतीनच?" राकेश ओरडला. "चार यायला पाहिजे!"

"मंग कुठं तरी गळत आसल," गोटीराम म्हणाला. त्याने कागदावर साडेतीन लिहिलं, पाना उचलला आणि ओल्या रंगावर पावलं उमटवत पाइपाच्या मागे गेला.