इंजिन बसलं तेव्हा

मी विमान चालवायला शिकवतो. आज एका विद्यार्थिनीनं तासगावहून बेदाणे आणले. पिशवी उघडताच गंधकाच्या धुरीचा वास आला आणि खूप वर्षांपूर्वीची ती शांतता पुन्हा कानात भरली.

तासगावच्या वर असताना माझ्या छोट्या विमानाचं इंजिन अचानक बंद पडलं होतं. समोर थांबलेला पंखा, बाकी नुसती वाऱ्याची शीळ. खाली मऊ हिरवं दिसत होतं, पण ते द्राक्षांचे मांडव. आत खांब आणि तारा. वेग सांभाळत विमान पुढं नेलं आणि बेदाण्याच्या शेडमागच्या माळावर कसंबसं टेकवलं.

पट्टा सोडून मी खाली उतरलो. बेदाण्याला गंधकाची धुरी चाललेल्या शेडमधून एक म्हातारे शेतकरी आले. बंद पडलेल्या ट्रॅक्टरकडं बघावं तसं विमानाकडं बघत त्यांनी विचारलं, “काय झालं वं?”

“इंजिन बसलं.”

“मग तुमी बी बसा की जरा,” म्हणत त्यांनी क्रेट पालथा घातला.

नंतर चौकशीला आलेल्या साहेबांनी मला उभ्यानंच सगळं विचारलं.

आजही इंजिन बंद पडल्यावर काय करायचं, हेच शिकवून घसा बसला. वर्ग रिकामा झाल्यावर दोन बेदाणे तोंडात टाकले आणि खुर्ची माझी मीच ओढून घेतली.